कोस्टा रिका : स्वयंसेवेला गेल्यावर कॉफीचा मळा बघायचा असेल तर

रानवाटा (धागाकर्ता)

कोस्टा रिकाला स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांकडून कॉफीच्या मळ्याबद्दल विचारणा होत असते. मुख्य काम शाळेत शिकवणं, समुद्रकिनाऱ्यावर कासवांची राखण किंवा जंगलात रोपं लावणं असं काहीतरी असतं, आणि मधल्या एखाद्या दिवशी संस्था मळ्यावर नेते. त्या दिवसाचं चीज व्हावं आणि आपल्यामुळे मळेवाल्याच्या किंवा मजुरांच्या कामात खोडा पडू नये, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात आधी हंगाम बघा. चुकीच्या महिन्यात गेलात तर नुसती हिरवी झुडपं बघून परतावं लागेल. देशात कॉफीचे आठ प्रदेश आहेत. त्यातला सर्वांत नावाजलेला तारासू हा राजधानी सान होसेच्या दक्षिणेला, साधारण १२०० ते १९०० मीटर उंचीवर आहे. तिथली तोडणी नोव्हेंबर ते मार्च चालते आणि खरी धामधूम डिसेंबर ते फेब्रुवारी असते. तुरियाल्बा कॅरिबियन समुद्राकडच्या उतारावर येतं. तिथे पाऊस जवळजवळ वर्षभर पडत असल्याने फुलोरा हप्त्याहप्त्याने येतो आणि तोडणी जुलैच्या आसपासच सुरू होते. जितकी उंची जास्त, तितकं फळ सावकाश पिकतं, हे लक्षात ठेवलं की तारखा जुळवणं सोपं जातं.

इथे एक मेख आहे. तिथलं शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं. म्हणजे तारासूत तोडणी रंगात येते तेव्हा शाळा बंद असतात. शाळेतलं काम आणि तोडणी दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबर ते डिसेंबरची सुरुवात किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात, एवढीच फट मिळते.

आता तोडणी. टोपलीला तिथे कानास्तो म्हणतात. ती कमरपट्ट्याला बांधलेली असते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने फांदी स्थिर धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत फळ धरून किंचित पिळा द्यायचा. पिकलेलं फळ एवढ्यानेच सुटतं. जोर लावावा लागला तर ते अजून तयार नाही. देठ झाडावरच राहिला पाहिजे. फळाबरोबर देठ आणि सालीचा तुकडा निघाला तर त्या पेराला जखम होते, तिथून बुरशी शिरते आणि तिथले कोंबही जातात.

एकाच फांदीवर हिरवी, पिवळट, लाल आणि काळपट वाळलेली फळं शेजारी शेजारी असतात, कारण फुलोरा एकदम आलेला नसतो. म्हणून एका झाडावरून हंगामात तीन-चार फेऱ्या होतात. सुरुवातीच्या निवडक फेरीला ग्रानेआ म्हणतात, शेवटच्या फेरीला रेपेला. रेपेलात हिरवं, लाल, वाळकं सगळं ओढून झाड मोकळं करतात, म्हणजे फळ पोखरणाऱ्या किडीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा उरत नाही. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी हे नक्की ध्यानात घ्यावं. रेपेला बघून फांदी ओरबाडणं हीच तोडणीची रीत आहे असा समज होतो, आणि तीच रीत दुसऱ्या मळ्यात ग्रानेआ चालू असताना वापरली तर मोठं नुकसान होतं.

फक्त रंगावर विसंबू नका. कातुर्रा आणि लाल कातुआई या जाती गर्द लाल होतात, पण पिवळा कातुआई पिकला तरी पिवळाच राहतो. खात्रीची परीक्षा चिमटीची: फळ दाबलं की बी सुळकन बाहेर येते आणि बोटांना चिकट, गोडसर गर लागतो. कच्चं फळ दाबलंच जात नाही.

शेवगा

छान धागा. दोन प्रश्न. एप्रिल ते जून या काळात जाणाऱ्यांनी मळ्यावर जाण्यात अर्थ आहे का? आणि एका दिवसात नवखा माणूस कितपत तोडू शकतो?

सुगी

एप्रिल ते जूनमध्ये तोडणी नसली तरी मळा रिकामा नसतो. उलट स्वयंसेवकांच्या हाताचा खरा उपयोग याच दिवसांत होतो, असं माझं ठाम मत आहे.

कोरड्या दिवसांनंतर पहिल्या पावसाने फुलोरा येतो. पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांत सगळ्या फांद्या पांढऱ्या होतात आणि दोन-तीन दिवसांत फुलं तपकिरी पडून गळतात. त्या दिवसांत ओळींमधून अंग घासत फिरू नये. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत आठेक महिने लागतात, त्यामुळे त्या तीन दिवसांतलं नुकसान वर्षभर भरून निघत नाही.

हंगाम संपला की छाटणी. दमलेली झुडपं गुडघ्याच्या आसपास कापतात आणि नवे धुमारे आल्यावर त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढतात. कापणं जाणत्या माणसाचं काम, ते मागू नका. कापलेल्या फांद्या उताराला आडव्या रचणं मात्र कुणालाही जमतं, आणि पावसाळ्यात माती अडायला त्याची फार मदत होते.

रोपवाटिकेतलं काम वरवर किरकोळ वाटतं, पण सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका तिथेच होतात. कॉफीचं बी वाळूच्या वाफ्यात उगवायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. आधी बी डोक्यावर घेऊन देठ सरळ उभा राहतो, मग दोन गोल पानं उलगडतात. या दोन अवस्थांच्या दरम्यान ते पिशवीत हलवतात. पिशवी भरताना:

माती, कुजलेली कॉफीची सालं किंवा दुसरं खत हे मिश्रण चाळूनच घ्यावं. पिशवी एकदम न भरता थोडं भरून बुड आपटायचं, पुन्हा भरायचं. आत पोकळी राहिली की पहिल्या पाण्याला माती खचते आणि रोप उघडं पडतं. काठोकाठ भरली नाही तर वरची कड आत वळते आणि पाणी रोपापर्यंत पोचत नाही.

भोक मुळाच्या लांबीपेक्षा खोल हवं. भोक उथळ असलं आणि रोप दाबून बसवलं की सोटमूळ टोकाशी वळून आकड्यासारखं होतं. लगेच काहीच दिसत नाही. रोप वाढतं, मळ्यात लावलं जातं, तिसऱ्या वर्षी फळ धरतं आणि पहिल्या भरघोस पिकाच्या भाराने, कोरड्या दिवसांत पिवळं पडून मरतं. उपटल्यावर वाकडं मूळ दिसतं. म्हणून रोप लावताना ते थोडं खोल सोडून मग हलकेच वर ओढायचं, म्हणजे मूळ सरळ होतं. मूळ फारच लांब असेल तर टोक नखाने खुडतात, वाकवत नाहीत. रोपवाटिकेत तासाला किती पिशव्या झाल्या हे कुणी विचारत नाही, त्यामुळे सावकाश करा.

मृगशीर्ष

शेवगा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी माप समजून घ्यावं लागेल.

तिथे तोडणीची मजुरी काहुएलावर मिळते. काहुएला हे २० लिटरचं माप आहे. इथे वजन करत नाहीत, आकारमान मोजतात. धातूची पेटी असते, काठोकाठ भरून वरून सपाट केली की एक काहुएला. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ५ लिटर, त्याला कुआर्तिल्यो म्हणतात. २० काहुएलांचा एक फानेगा, म्हणजे ४०० लिटर फळ. एका फानेग्यातून सुमारे ४६ किलो हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी निघते.

हिशेब उलटा लावून बघा. एका काहुएलात साधारण १२ ते १३ किलो फळ मावतं. त्यातून २.३ किलो हिरवी कॉफी, आणि भाजताना सुमारे १५ टक्के वजन उडाल्यावर दोन किलोपेक्षा थोडी कमीच उरते. नवख्या माणसाची दिवसभरात एक किंवा दोन काहुएला झाली तर ठीक म्हणायचं. सराईत माणूस चांगल्या मळ्यात दहा-पंधरा सहज काढतो, भर हंगामात त्याहून जास्त. काहुएलामागचा किमान दर सरकार कोलोनमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, ठरवून देतं. तो कमाल दर नव्हे. हात कमी पडले की मळेवाले वाढवून देतात.

आता माझा आक्षेप. धाग्यात तोडणीचं तंत्र उत्तम सांगितलंय, पण स्वयंसेवकांनी तोडावं का, हा प्रश्न आधी यायला हवा होता. मुकादम सकाळी प्रत्येक कुटुंबाला ओळी नेमून देतो. पाहुण्यांचा गट येतो, खालच्या फांद्यांवरची, हाताशी असलेली टपोरी लाल फळं तोडतो, फोटो काढतो आणि निघून जातो. मागे उरतात उंच, आतली, विखुरलेली फळं. त्या ओळीवर ज्याची रोजी आहे त्याला तेवढ्याच काहुएलासाठी दीडपट वेळ लागतो. शिवाय पाहुण्यांच्या टोपलीत हिरवी फळं हमखास असतात. ती त्याच्या पोत्यात गेली तर मापाच्या वेळी बोल त्यालाच लागतो.

रानवाटा

मृगशीर्ष, मुद्दा मान्य आहे आणि महत्त्वाचा आहे. पण तोडूच नये असं मी म्हणणार नाही. तासभर तोडल्याशिवाय एक काहुएला म्हणजे काय हे हाताला कळत नाही. यातून मार्ग काढता येतो: संस्थेमार्फत आधीच विचारून ठेवायचं की कुणालाही नेमून न दिलेली ओळ मिळेल का. छोट्या कुटुंबाच्या मळ्यात, जिथे घरचेच लोक तोडतात, तिथे ही अडचण येत नाही. मजुरांच्या ओळीतच उभं केलं तर त्या ओळीच्या मालकिणीला किंवा मालकाला विचारून, वरून खालपर्यंत पूर्ण झाड करायचं, निवडून सोपी फळं नाही. आणि टोपली त्यांच्याच पोत्यात रिकामी करायची.

त्याआधी निवड मात्र आपण करायची. जमिनीवर पोतं अंथरून फळं पसरा, पानं, काटक्या, हिरवी फळं बाजूला काढा. एका टोपलीला दहा मिनिटं लागतात. हे केलंत तर कुणाचं माप बिघडत नाही.

मृगशीर्ष

हे पटलं. पूर्ण झाड करायचं, ही अट सोडू नका.

निंबोणी

तोडणीवर बरंच आलं, म्हणून मी पुढचं लिहिते. माझ्या मते मळ्यावरचा दिवस दुपारी संपवणं ही मोठी चूक आहे. संध्याकाळी फळ जिथे जातं ते बघायलाच हवं.

तोडलेलं फळ त्याच दिवशी प्रक्रियेला गेलं पाहिजे. पोत्यात रात्रभर राहिलं तर आतून तापतं आणि गर नको तसा आंबू लागतो. म्हणून डोंगरातल्या रस्त्यांवर जागोजागी रेसिबिदोर, म्हणजे फळ उतरवून घेणारी छोटी केंद्रं असतात. दुपारी चारनंतर तिथे गाड्यांची रांग लागते. तिथून फळ बेनेफिसिओत, म्हणजे प्रक्रिया केंद्रात जातं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच कुटुंबांनी स्वतःची छोटी केंद्रं उभारलीत. बघायला तीच चांगली, सगळ्या पायऱ्या एका अंगणात दिसतात.

आधी फळ पाण्यात सोडतात. भरीव फळ बुडतं, पोकळ आणि कीड लागलेलं तरंगतं. तरंगणारं वेगळं काढून हलक्या प्रतीत जातं. मग साल काढायचं यंत्र. त्यात फिरतं खडबडीत नळकांडं आणि त्यासमोर पट्टी असते, दोन्हींमधली फट फळाच्या आकाराप्रमाणे लावावी लागते. फट कमी झाली तर बी चिरते, जास्त झाली तर अख्खी फळं तशीच पुढे जातात. हिरवं फळ कडक असल्याने त्याची साल नीट निघत नाही, ते चिरडतं. तोडणीत हिरव्या फळाला एवढं का जपतात, याचं उत्तर या यंत्राशी उभं राहिल्यावर मिळतं.

साल निघाली तरी बीवर चिकट गर असतो. तो काढायला टाकीत आंबवतात. हवामानानुसार १२ ते २४ तास, थंड डोंगरात त्याहून जास्त. घड्याळावर कुणी टाकी उपसत नाही. टाकीत हात घालून मूठभर बिया घेतात आणि तळव्यांत घासतात. बुळबुळीत लागल्या तर अजून वेळ आहे. ओल्या खड्यांसारख्या खरखरीत लागल्या आणि घासल्याचा करकर आवाज आला की लगेच पाणी सोडून धुवायचं. दुसरी रीत काठीची: ढिगात काठी खुपसून उपसली आणि भोक तसंच उभं राहिलं तर गर सुटलाय. तासा-दोन तासांचा उशीरही चालत नाही. जास्त आंबलेल्या बियांना सडका, आंबूस वास चिकटतो तो भाजूनही जात नाही आणि मोजक्या बिया सगळा घाणा बिघडवतात. कमी आंबवलं तर उरलेला गर वाळताना बियांची ढेकळं करतो आणि बुरशी धरतो. ही टाकी बघायची संधी मिळाली तर विचारून, कोपरापर्यंत हात धुऊन, तळव्याची परीक्षा स्वतः करून बघा. मोठ्या केंद्रांत आंबवण्याऐवजी यंत्राने गर खरवडतात, पाणी बरंच वाचतं.

मग वाळवण. धुतलेल्या बीत निम्म्याहून जास्त ओलावा असतो, तो १० ते १२ टक्क्यांवर आणायचा. सिमेंटच्या खळ्यावर तीन ते पाच सेंटिमीटरचा थर देतात आणि पहिले दोन दिवस दर अर्ध्या-पाऊण तासाने लाकडी दंताळ्याने वरखाली करतात. पाहुण्यांना दंताळं हातात देतात, पण चपला-बूट काढून किंवा स्वच्छ करून. दंताळ्याची चाल एका दिशेने, नंतर तिच्या काटकोनात, म्हणजे सरींच्या तळाशी राहिलेलं वर येतं. भर दुपारी खळं फार तापलं तर वरचं कडक टरफल तडकतं, तेव्हा थर जाड करतात किंवा झाकतात. संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून झाकायचं. वाळत आलेली बी पुन्हा भिजली तर बुरशी आणि डाग, त्याला इलाज नाही. उन्हाचा भरवसा नसेल तिथे गोल फिरणारे मोठे पिंप असतात, त्यांत कोमट हवा सोडतात. जळण म्हणून कॉफीचंच टरफल वापरतात.

शेवगा

हनी कॉफी म्हणतात ती यात कुठे बसते? तिच्यात मध घालतात का?

निंबोणी

मध अजिबात नाही. साल काढल्यावर गर पूर्ण किंवा थोडा तसाच ठेवून बी वाळवली की ती हनी. गर वाळताना मधासारखा चिकट, तांबूस दिसतो. किती गर ठेवला आणि किती सावकाश वाळवली यावरून पांढरी, पिवळी, लाल, काळी असे प्रकार करतात. काळीला सगळ्यात जास्त गर आणि सगळ्यात जास्त दिवस. ही जाळीच्या उंच मांडवांवर पातळ थरात वाळवतात. धोका पहिल्या ४८ तासांत असतो. ढगाळ हवा आली आणि ढवळायला उशीर झाला की बिया एकमेकींना चिकटून आतून बुरसटतात. अशा मांडवावर आगंतुक हात घालू नका. बोटांना चिकटून टरफलं सोलून निघतात.

पानगळ

रोगराईबद्दल कुणी लिहिलं नाही, ते लिहितो. पाहुण्यांकडून सगळ्यात मोठं नुकसान इथेच होऊ शकतं.

तांबेरा, तिकडच्या भाषेत रोया. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके दिसतात, बोट लावलं की रंग बोटाला येतो. ते बुरशीचे बीजाणू. वारा आणि पावसाबरोबरच कपडे, टोपली, केस यांवरूनही ते पसरतात. कोस्टा रिकात हा रोग १९८३ मध्ये पोचला आणि २०१२-१३ च्या हंगामात मध्य अमेरिकेत त्याने असा कहर केला की २०१३ च्या जानेवारीत कोस्टा रिकाच्या सरकारने आणीबाणी जाहीर केली. तेव्हा एका दिवसात दोन मळे बघायचा बेत असेल तर मधे कपडे बदला, बुटांचा चिखल ब्रशने काढून धुवा, टोपी आणि हातमोजे पिशवीत बांधा. नारिंगी डागाचं पान तोडून बरोबर फिरवू नका, फोटो काढायचा तर झाडावरच काढा.

ओहो दे गायो हा दुसरा बुरशीजन्य रोग. पानावर गोल, फिकट तपकिरी ठिपके, त्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे कण. दाट सावली आणि सतत ओल असली की बळावतो, पानं आणि फळं दोन्ही गळतात. मळ्यात पोरो नावाच्या झाडांची किंवा केळीची सावली असते, आणि ती अमुक महिन्यांत का छाटतात याचं एक कारण हा रोग आहे. सावली फार वाढवली तर ओहो दे गायो, फार काढली तर ऊन, तण आणि मातीची धूप. मळेवाल्याला विचारायचा सर्वांत चांगला प्रश्न कोणता असेल तर हा: सावली कधी आणि किती छाटता? या एका उत्तरातून त्या मळ्याची उंची, पाऊस, माती सगळं उलगडतं.

तिसरी ब्रोका, फळ पोखरणारा बारीक काळा भुंगेरा. फळाच्या टोकाच्या बेंबीत टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसतं. जमिनीवर पडलेल्या फळांत ती तग धरते, म्हणून पडकी फळं वेचणं हे खरंखुरं उपयोगी काम आहे आणि ते पाहुण्यांना आनंदाने देतात. वेचलेली फळं उघड्या टोपलीत ठेवू नका, बंद पोत्यात घाला. झाडांना टांगलेले लाल सापळे दिसतील. त्यांतल्या कुपीत मिथेनॉल आणि इथेनॉल असतं. मिथेनॉल विषारी आहे, कुपी उघडू नका, हुंगू नका.

आणि फवारणी. मळ्यात शिरण्याआधी शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे विचाराच. प्रत्येक औषधाला मळ्यात पुन्हा शिरण्याआधीचा थांबा ठरलेला असतो, काहींना तासांचा, काहींना दिवसांचा. फळ तोंडात टाकून चाखायला सांगतात, तेव्हाही हाच प्रश्न आधी.

आडवाट

अंगावर आणि पायात काय, त्याबद्दल. तारासूतले उतार इतके तीव्र आहेत की मजूर एक पाय वरच्या ओळीत, एक खालच्या ओळीत ठेवून काम करतात. पोटरीपर्यंतचे रबरी बूट हवेत, तळ खाचांचा. ते सापासाठीही लागतात. तेर्सिओपेलो हा तिथला सर्वांत धोक्याचा विषारी साप. तो प्रामुख्याने सखल आणि मध्यम उंचीवर आढळतो, म्हणजे तुरियाल्बाकडे जास्त जपायचं. उंच भागात दुसरे विषारी साप असतात. पालापाचोळ्यात किंवा झाडाच्या बुडाशी हात घालण्याआधी काठीने हलवा. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, हातपाय हलवू न देता ९११ ला फोन करून दवाखाना गाठायचा. प्रतिविष देशातच, कोस्टा रिका विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत बनतं.

लांब बाह्यांचा पातळ सुती सदरा, रुंद काठाची टोपी. फांद्यांवर झोंबणाऱ्या केसाळ अळ्या आणि मुंग्या असतात, म्हणून बाह्या खाली आणि सदरा आत खोचलेला. हातमोजे घातले तर बोटांना फळाचा अंदाज येत नाही, बहुतेक लोक न घालताच तोडतात किंवा बोटांची टोकं कापलेले घालतात. पहाटे गारठा, दहाला कडक ऊन, आणि हंगामाच्या सुरुवातीला दुपारी पाऊस, त्यामुळे पावसाळी कोट टोपलीत नको, कमरेला. सान होसेहून सान मार्कोस दे तारासू साधारण ७० किलोमीटर असलं तरी घाट वळणांचा आहे, दोन तास धरा. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची.

मृगशीर्ष

माणसांबद्दल थोडं. तोडणीला येणाऱ्यांत निकाराग्वाचे मजूर आणि पनामातून सीमा ओलांडून येणारी न्गोबे-बुग्ले आदिवासी कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. लांब, रंगीत झग्यातल्या न्गोबे बायका मळ्यात उठून दिसतात आणि कॅमेरे लगेच त्यांच्याकडे वळतात. विचारल्याशिवाय फोटो नको. मुलांचे तर विचारूनही नको. बऱ्याच जणांची मातृभाषा न्गोबेरे आहे, स्पॅनिश दुसरी, त्यामुळे आपल्या मोडक्या स्पॅनिशला मान हलवली म्हणजे संमती मिळाली असं धरू नये.

१५ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. हंगामात मजुरांच्या मुलांसाठी कासास दे ला आलेग्रिया नावाची पाळणाघरं चालतात. मळ्यावरच्या एका दिवसापेक्षा अशा ठिकाणी काही आठवडे काम करायला मिळालं तर जास्त उपयोगाचं आहे. पण तिथे पूर्वपडताळणी लागते, संस्थेकडे महिनोन्‌महिने आधी विचारा. आणि पर्यटक म्हणून देशात शिरलेल्याला मजुरी घेता येत नाही. कुणी काहुएलाचे पैसे देऊ केले तर ते ओळीच्या मालकाला द्यायला सांगा.

पैशाचा प्रवास विचारायचा असेल तर तोही विचारा, लोक मोकळेपणाने सांगतात. १९६१ च्या २७६२ क्रमांकाच्या कायद्याने उत्पादक, प्रक्रिया केंद्र आणि निर्यातदार यांचे व्यवहार बांधून दिलेत. फळ देताना शेतकऱ्याला आगाऊ रक्कम मिळते, कॉफी विकली गेल्यावर अंतिम हिशेब होतो, आणि त्यावर इकाफे या राष्ट्रीय कॉफी संस्थेची देखरेख असते. ही संस्था १९३३ पासूनची आहे. मळेवाल्याला गेल्या हंगामाचा अंतिम दर आणि आगाऊ रक्कम यांतला फरक विचारा, चर्चेला लगेच रंग चढतो.

शेवगा

सगळ्यांचे आभार, माहिती साठवून ठेवली. शेवटचा प्रश्न: तिथून कॉफी आणताना काय बघायचं? हिरव्या बिया आणून घरी भाजता येतील का?

निंबोणी

हिरव्या बिया, फळं, रोपं यांना जवळजवळ सगळीकडे वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. तो नसेल तर विमानतळावर जप्त होतात, आणि व्हायलाच हव्यात, वर पानगळ यांनी रोगांबद्दल लिहिलंय ते वाचा. पूर्ण भाजलेली, बंद पाकिटातली कॉफी आणा.

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, नुसती मुदत छापलेली असेल तर सोडा. भाजल्यावर बिया बरेच दिवस कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पाकिटाला एकदिशा झडप हवी, नाहीतर पाकीट फुगतं. भाजल्यानंतर साधारण आठवडाभराने चव बसते. एसएचबी असं लिहिलेलं असेल तर ती उंचावरची, कडक बियांची प्रत. जात आणि प्रक्रिया लिहिलेली असेल तर उत्तम. दळलेली घेऊ नका, चव आठवड्यात उतरते.

चोरेआदोर, म्हणजे कॉफी गाळायचं तिथलं साधनही मिळतं: लाकडी उभा सांगाडा, त्यात कापडी पिशवी अडकवायची, खाली भांडं. पिशवी नवी असताना साध्या पाण्यात उकळून घ्या, खळ निघून जाते. मध्यम दळलेली १५ ग्रॅम कॉफी, उकळून अर्धा मिनिट थांबवलेलं २५० मिलिलिटर पाणी. आधी थोडं पाणी घालून भुकटी फुगू द्या, मग बारीक धारेने उरलेलं. पिशवी साबणाने कधीच धुवायची नाही, साबणाचा वास कापडातून जात नाही. गरम पाण्याने विसळून, पूर्ण वाळवून ठेवा. ओलीच राहिली तर आंबूस होते, तेव्हा नवी घ्यायची.